विमान गेलं, मी घरी आलो, डोकं मात्र बे-वरच

लॉकवायर | रविवार, दुपारी २:१०

लिहू लिहू म्हणता वर्ष गेलं. आज सुट्टी आहे, बायको माहेरी आहे, तेव्हा लिहूनच टाकतो.

मी विमान देखभालीत आहे. मुंबई, लाइन मेंटेनन्स, बी-वन लायसन्स. म्हणजे विमान उतरलं की पुढच्या उड्डाणाआधी त्याची तब्येत बघायची, पायलटने टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) लिहिलेले स्नॅग, म्हणजे दोष, काढायचे आणि शेवटी सही करायची, की हे उडायला योग्य आहे. कोणाला हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुम्हाला तिकीट फुकट असेल ना?"

अंगमेहनतीचं रडगाणं गाणार नाही. पावसात बे-वर (विमान उभं करायच्या जागेवर) उभं राहणं, हायड्रॉलिक तेलाने हाताची आग होणं, हे दिसतं तरी. न दिसणाऱ्या ओझ्याचा एक प्रसंग सांगतो.

जुलै २०१४. सलग चौथी रात्रपाळी. शेजारशेजारच्या बे-वर दोन विमानं, दोन्ही ए-३२०, दोन्हींचं एकच काम: इंजिनाला जोडलेल्या जनरेटरचं (आम्ही आयडीजी म्हणतो) तेल बघून भरायचं. त्यासाठी फॅन काऊल, म्हणजे इंजिनाच्या पोटावरची दोन मोठी दारं उघडावी लागतात. काम झालं की दारं खाली घ्यायची आणि खालचे लॅच लावायचे. हे लॅच इंजिनाच्या अगदी तळाशी असतात. ए-३२० चं इंजिन जमिनीच्या इतकं जवळ, की लॅच लागलाय की नुसता लोंबतोय हे बघायला गुडघ्यावर बसून भागत नाही, पाठीवर झोपावं लागतं. आणि लॅच न लावताही दारं लांबून बंदच दिसतात.

मध्येच तिसऱ्या विमानाचं टायर बदलायला बोलावलं. परत आलो. पुन्हा फोन. पुन्हा परत. पहाटे सही केली, विमान सहा-पाचला गेलं. मी नव्या कोऱ्या मेट्रोने घाटकोपरला आलो, डोंबिवलीची गाडी पकडायला. प्लॅटफॉर्मवर उभा असताना पोटात गोळा आला. डाव्या इंजिनाची दारं खाली घेतल्याचं आठवत होतं. पाठीवर झोपून लॅच लावल्याचं आठवत नव्हतं.

हात मागे नेऊन शर्टाची पाठ चाचपली. ओली होती. पण जुलैत घाटकोपरला कोणाची पाठ कोरडी असते?

आदल्याच वर्षीचे फोटो डोळ्यांसमोर. २४ मे २०१३, हीथ्रो, ब्रिटिश एअरवेजचं ए-३१९. रात्री त्या लोकांनी याच आयडीजीच्या तेलासाठी काऊल उघडले, तेल भरायचं साहित्य आणायला गेले तेव्हा दारं लॅच न लावता खाली ठेवली. नंतर परतले ते चुकून दुसऱ्याच विमानापाशी! त्या विमानाचे काऊल बंद होते. वाटलं, कोणीतरी लावले असतील. सकाळी खऱ्या विमानाने धाव घेतली आणि दोन्ही इंजिनांची दारं उडाली, इंधनाची नळी फाटली, उजव्या इंजिनाला आग लागली. विमान परत फिरून उतरलं, सगळे वाचले.

मी दिवसपाळीच्या इन्चार्जला फोन केला. त्याने पुढच्या स्टेशनला, म्हणजे विमान जाणार त्या विमानतळाला, कळवलं. विमान नुकतंच उतरलं होतं. तिथला इंजिनिअर खाली झोपून बघून आला: सगळे लॅच लागलेले, नीट.

मला वाटलं, सुटलो. दुपारी फोन आला की लेखी द्या. खात्री नव्हती तर सही कशी केली, आणि खात्री होती तर फोन का केला? (कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. आता मी तिथे नाही.) मी लिहून दिलं. कारवाई झाली नाही, शिक्षा नाही, काही नाही.

पण त्यानंतर दोनदा असाच पोटात गोळा आला आणि मी फोन केला नाही. दोन्ही वेळा विमानाला काही झालं नाही. मला मात्र त्या दोन दिवसांतला मिनिट न् मिनिट पाठ आहे. फ्लाइट ट्रॅकिंगचं अ‍ॅप उघडून ते पिवळं विमान खाली उतरेपर्यंत बघत बसलो होतो.

या धंद्यातली, किंवा अशा 'सही' करणाऱ्या इतर धंद्यांतली माणसं इथे असतील तर लिहा.


हिंजवडीकर | रविवार, दुपारी ३:०२

छान लिहिलंय. पण एक प्रामाणिक शंका. लॅच लागला की नाही हे माणसाच्या आठवणीवर का सोडलंय? सेन्सर लावा, कॉकपिटमध्ये दिवा लावा. सन २०१४ मध्ये हे अशक्य नव्हतं.


लॉकवायर | रविवार, दुपारी ३:२०

@हिंजवडीकर, शंका रास्त आहे. सेन्सर नाही, पण त्याहून साधं काहीतरी आलं. पुढे युरोपच्या नियामकाने सक्ती केल्यावर पुढच्या लॅचला किल्ली बसवली गेली. लॅच लागल्याशिवाय किल्ली निघतच नाही, तिला भली मोठी पट्टी लटकत असते आणि ती किल्ली कॉकपिटमध्ये ठरलेल्या जागी ठेवायची. किल्ली जागेवर नाही म्हणजे काऊल उघडे. असली युक्ती सुचणाऱ्याला मी चहा पाजीन.

पण काऊल हे एक झालं. विमानात किल्ली नसलेल्या जागा हजारो आहेत.


वॉर्ड_नं_७ | रविवार, दुपारी ४:१५

पुण्यात ओटीत नर्स आहे. शर्टाची पाठ चाचपल्याचं वाचून काटा आला. आमच्याकडे पोट शिवायच्या आधी मॉप (रक्त टिपायची फडकी) मोजतात, दोघींनी, मोठ्याने. एकदा घरी आल्यावर मला मोजल्याचं आठवेना. कागदावर माझी आणि दुसरीची सही होती, आकडा जुळला होता, तरी रात्री दोन वाजता तिला फोन केला. ती म्हणाली, "झोप गं, मी पण तेच आठवत बसले होते."


जुना_कालिना | रविवार, संध्याकाळी ६:४०

मी निवृत्त. पस्तीस वर्षं कालिन्याच्या हँगरमध्ये आणि सांताक्रूझच्या एप्रनवर काढली. लॉकवायर, मनापासून लिहिलंस, पण राग मानू नकोस, ही पिढी जरा हळवी आहे. सही तुझी. लायसन्स तुझं. खात्री नाही तर विमान सोडू नको, जगात कोणी तुझा हात धरून सही करून घेऊ शकत नाही. आम्ही मॅनेजरच्या तोंडावर सांगायचो, "विमान जाणार नाही, काय करायचं ते करा." विषय संपला. तणाव वगैरे शब्द आम्हाला माहीत नव्हते.


निशाचराची_बायको | रविवार, रात्री ९:०५

@जुना_कालिना काका, नमस्कार. शब्द माहीत नव्हता, पण घरी काकूंना माहीत असणार. त्यांना विचारून इथे लिहाल का?

माझा नवरा टेक्निशियन आहे, हँगरला. सकाळी साडेआठला येतो, जाड पडदे ओढून झोपतो. दहाला भंगारवाला, अकराला वरच्या मजल्यावर ड्रिलिंग, बाराला पोराची शाळेची व्हॅन. संध्याकाळी पाचला उठतो तेव्हा चार तासांची झोपही धड झालेली नसते. ड्यूटीवर ब्रेथ अ‍ॅनालायझरची नळी फुंकतो, आकडा शून्य. तो सत्यनारायणाच्या तीर्थापलीकडे काही घेत नाही, शून्यच येणार. मात्र रात्री तीन वाजता तो झोपेने किती 'प्यायलेला' असतो, ते कुठल्या नळीत फुंकायचं?


मॉड्यूल_नऊ | रविवार, रात्री ९:३०

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).


मानसरंग | रविवार, रात्री १०:५०

मी विमानांतली नाही, औद्योगिक मानसशास्त्र शिकवते. निशाचराची_बायको, तुमच्या त्या नळीच्या प्रश्नाला उत्तर आहे. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये प्रयोग करून दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते. २४ तास झाले की ०.१० टक्क्यांसारखी. शरीराचा सगळ्यात खोल खड्डा रात्री दोन ते पहाटे सहाचा. आणि सकाळच्या पहिल्या उड्डाणांसाठी विमानं तयार करायची वेळ नेमकी तीच.

आता मूळ विषय. "कामाचा ताण" असं सरसकट म्हटलं की सगळे भांडतात, कारण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं काहीतरी असतं. नासाच्या सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी १९८८ मध्ये नासा-टीएलएक्स नावाची पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात काम केल्यावर त्याच माणसाला सहा गोष्टींना गुण द्यायला सांगतात: डोक्याला किती लावावं लागलं, शरीराला किती, वेळेची घाई किती, काम आपल्या मते कसं झालं, त्यासाठी किती झिजावं लागलं, आणि वैताग किती आला. शेवटच्याला लोक हसतात, पण तो फार बोलका असतो.

लॉकवायर, २०१४ ची ती रात्र आणि एखादी साधी रात्र, दोन्हींना शून्य ते शंभर गुण देऊन बघाल का? शास्त्रीय काही नाही, बारा वर्षांनी आठवून दिलेले गुण म्हणजे गप्पाच. पण बघू तरी.


लॉकवायर | सोमवार, पहाटे ३:३५

ब्रेकमध्ये आहे. मजेशीर प्रकरण निघालं.

साधी रात्र, एक टायर बदलणं: डोकं ३०, शरीर ८०, घाई ५०, वैताग १०. घाम निघतो, पण टॉर्क रेंच 'कट' म्हणाला की कामही संपलं आणि विचारही संपला. अशा रात्रीनंतर घरी गाढ झोपतो.

ती रात्र: डोकं ६०, शरीर ४०, घाई ९०, वैताग ९५. प्रत्यक्षात तेल भरणं हे टायरपेक्षा हलकं काम! ओझं तेलाचं नव्हतंच. दोनदा अर्ध्यातून उठवलं गेलो आणि प्रत्येक वेळी "कुठवर आलो होतो" हे डोक्यात धरून ठेवावं लागलं, ते ओझं होतं.

अजून एक, बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून. विमान उशिरा सुटलं की उशिराला आकडा लागतो. ४१ म्हणजे विमानातला दोष. सामान उशिरा चढलं तर त्यांचा आकडा, प्रवासी हरवला तर त्यांचा. सकाळच्या मीटिंगमध्ये कोणालाच आपल्या नावावर आकडा नको असतो. त्यामुळे तुम्ही इंजिनात डोकं घालून असता आणि खालून दर पाच मिनिटांनी वेगळा माणूस विचारतो, "सर, कितना टाइम?" तो वाईट नसतो, त्यालाही कोणीतरी वरून विचारत असतं. पण प्रत्येक वेळी हातातला धागा सुटतो.


उजवी_सीट | सोमवार, सकाळी ८:००

को-पायलट. कबुली देतो, "कितना टाइम" विचारणाऱ्यांत मीही आहे. आमची ड्यूटीची घड्याळं असतात, उशीर ठरावीक वेळेपलीकडे गेला तर मी उडूच शकत नाही, क्रू बदलावा लागतो. आम्हाला दमायचीही मर्यादा नियमात लिहून दिलेली आहे. ज्याच्या सहीवर मी उडतो त्याचं घड्याळ मात्र कोणी बघत नाही, हे हा धागा वाचेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.


वाळवंटी_मराठी | सोमवार, सकाळी ११:२५

आखातात हेवी मेंटेनन्सला आहे, मूळचा ओझरचा. इथे बारा तासांच्या पाळ्या, चार दिवस काम चार दिवस सुट्टी. पैसा बरा आहे. ताणाची जात वेगळी.

लाइनवाल्यांना घाई मारते, आम्हाला कंटाळा. सी-चेकला (मोठ्या तपासणीला) विमान आलं की दिवसेंदिवस टॉर्च आणि भिंग घेऊन रिव्हेटांच्या ओळी बघायच्या. नऊशे रिव्हेट चांगले निघतात. नऊशे एकावा डोळा बघतो, पण मेंदू बघतो का? २८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छप्पर २४,००० फुटांवर उडालं. सुमारे अठरा फूट लांबीचं. एक हवाई सुंदरी बाहेर फेकली गेली, ती गेलीच, बाकी विमान उतरवलं. ८९ हजारांवर उड्डाणं झालेलं विमान. चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ भेग दिसली होती, तिने कोणाला सांगितलं नाही. तपासणाऱ्यांना दिसली नव्हती. चौकशी अहवालात लिहिलंय की ही तपासणी रात्री चालायची, आणि वरच्या भागाची करताना माणसं पडू नयेत म्हणून हँगरच्या छताला दोर बांधून काम करायची. दोराला लटकून, रात्री, शेकडो रिव्हेट. वाचून मी 'कसं सुटलं' हे विचारणं सोडून दिलं.


हिंजवडीकर | सोमवार, दुपारी १:१०

अवांतर: आमच्याकडे कोड रिव्ह्यूला पण हेच. दहा ओळी पाठवल्या तर दहा चुका काढतात, हजार ओळी पाठवल्या तर "छान आहे".


मॉड्यूल_नऊ | सोमवार, दुपारी २:४५

मी नागपूरचा. एएमईचा (विमान देखभाल इंजिनिअरचा) कोर्स झालाय, नोकरी शोधतोय. आमच्या परीक्षेत मॉड्यूल ९ म्हणजे ह्यूमन फॅक्टर्स. त्यात 'डर्टी डझन' पाठ करावी लागते. कॅनडाच्या गॉर्डन ड्युपाँटने १९९३ च्या सुमारास काढलेली चुकांची बारा कारणं: थकवा, ताण, दबाव, लक्ष विचलित होणं, ठामपणे न बोलणं वगैरे. सगळ्यात सोपा पेपर, सगळे पास.

एका ठिकाणी ट्रेनी म्हणून होतो. भिंतीवर त्या बाराचं रंगीत पोस्टर. त्याच्याच खाली उभं राहून सिनियर म्हणाले, "ये सब एग्झाम के लिए है, बेटा."

वर कोणी म्हणालं हळवी पिढी. काका, घरचं कर्ज, मिहानमध्ये एवढं मोठं एमआरओ (विमान दुरुस्ती केंद्र) डोळ्यांसमोर उभं असून जागा मोजक्या, स्टायपेंडमध्ये खोलीभाडं निघत नाही. अशा वेळी ट्रेनी "नाही" म्हणेल? त्याच्या जागेवर उद्या दहा जण उभे आहेत.


मानसरंग | सोमवार, रात्री ८:३०

मॉड्यूल_नऊ, तुम्ही नकळत रॉबर्ट कॅरासेकचा १९७९ चा सिद्धांत सांगितलात. त्याचं म्हणणं असं की नुसत्या जास्त कामाने माणूस मोडत नाही. मागणी जास्त आणि आपल्या कामावर आपला अधिकार कमी, ही जोडी मोडते. सर्जनला प्रचंड मागणी असते, पण सुरी त्याच्या हातात असते.

एएमईचं प्रकरण मला म्हणूनच विचित्र वाटतं. कागदावर त्याच्याइतका अधिकार कोणालाच नाही, जुना_कालिना म्हणतात तसा. एका सहीवर शे-दीडशे माणसांचं विमान जागेवर थांबतं. प्रत्यक्षात तो अधिकार वापरायची किंमत किती, यावर सगळं ठरतं. लॉकवायरना शिक्षा झाली नाही असं ते म्हणतात. त्यांनी पुढचे दोन फोन केले नाहीत. मग ती शिक्षा नाही तर काय होती?


जुना_कालिना | मंगळवार, सकाळी ७:१५

काकूंना विचारलं.

म्हणाली, "तुम्ही झोपेत नट फिरवायचात. माझं मनगट धरून." हे तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. काल रात्री जेवताना सहज सांगितलं, वर भाजी वाढली.

आता खरं लिहितो. आम्ही मॅनेजरच्या तोंडावर नाही म्हणायचो हे खोटं नाही. पण तेव्हा एका विमानामागे आम्ही किती जण असायचो! काही अडलं तर बाजूला उभा राहून नुसतं बघायलाही माणूस मिळायचा. युनियन होती. नोकरी पर्मनंट होती. नाही म्हटल्याने फार तर कँटीनमध्ये कोणी बोलायचं नाही आठवडाभर. हा पोरगा चार विमानं एकटा बघतो आणि कंत्राट वर्षाचं. तेव्हा माझा ठामपणा माझा किती आणि पर्मनंट नोकरीचा किती, हा हिशेब मी कधी केला नव्हता. लॉकवायर, 'हळवी' शब्द मागे घेतो.


निशाचराची_बायको | मंगळवार, सकाळी ७:४०

काकूंना माझा नमस्कार सांगा. मनगट बरं आहे ना त्यांचं?


कोणीतरी_पुणेकर | मंगळवार, सकाळी १०:२०

सहानुभूती आहे, तरीही विचारतो. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडून २६० माणसं गेली. आता विमानात बसायची भीती वाटते आणि इथे इंजिनिअर म्हणतो मला आठवत नाही लॅच लावले का. आम्ही काय समजायचं?


संपादक | मंगळवार, सकाळी १०:५५

अहमदाबादच्या कारणांची चर्चा या धाग्यावर नको, कृपया. इतर प्रश्न चालतील.


लॉकवायर | मंगळवार, दुपारी १२:३०

@कोणीतरी_पुणेकर, भीती समजू शकतो. त्या जूनमध्ये आमच्या प्रत्येकाच्या घरी एकच प्रश्न आला: "तुमच्याकडे असं होणार नाही ना?" माझ्या आईने विचारला. तिला हो म्हणालो, बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं बसलो.

काय समजायचं ते सांगतो. ज्याला आठवत नाही आणि तो फोन करतो, त्याच्या विमानात निर्धास्त बसा. घाबरायचं असेल तर ज्याला नेहमी सगळं आठवतं त्याला घाबरा.

१० जून १९९० चं ब्रिटिश एअरवेज ५३९० बघा. बर्मिंगहॅमला रात्री माणसं कमी, म्हणून पाळीच्या मॅनेजरने स्वतः कॉकपिटची काच बदलली. जुना बोल्ट हातात धरून नजरेने जुळवून नवे काढले. ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला कमी निघाले. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. दुसऱ्या दिवशी १७,३०० फुटांवर काच निघून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी पाय धरून ठेवले, विमान साउथहॅम्प्टनला उतरलं, तो वाचला. तो मॅनेजर कामचुकार नव्हता. उलट जबाबदार माणूस, चांगलं नाव असलेला. त्याच्या मनात शंका आली नाही, एवढंच. आमचा धंदा शंका येणाऱ्या माणसांवर चालतो. तीच माणसं फोन करायला घाबरायला लागली तर तुम्ही जरूर घाबरा.


वाळवंटी_मराठी | मंगळवार, दुपारी ३:००

+१. आणि पाळीबदल विसरू नका. ११ सप्टेंबर १९९१, टेक्सासमध्ये कॉन्टिनेन्टल एक्स्प्रेसचं एम्ब्रेअर. शेपटीच्या आडव्या पंखाचे वरच्या बाजूचे ४७ स्क्रू संध्याकाळच्या पाळीने काढले, पुढच्या पाळीला कागदावर ते आलंच नाही. विमान सकाळी सेवेत गेलं. १४ माणसं गेली. स्क्रू काढणाऱ्याने काम बरोबरच केलं होतं. पुढच्यानेही त्याला सांगितलेलं बरोबरच केलं. मधली ओळ लिहिली गेली नाही.

माझ्या इथे नियम साधा आहे. काम अर्धं सोडून उठायचं तर उठण्याआधी कार्डावर लिहायचं, कुठवर झालं. लाल पट्टी लावायची. मग मुख्यमंत्री बोलवो. आपल्याकडच्या सीएआर-१४५ मध्येही (विमान देखभालीच्या नियमांत) आहे की पाळ्या आणि कामं लावताना माणसाच्या मर्यादा लक्षात घ्या, हँडओव्हर नीट करा. नियम चांगला आहे. फक्त पाच ओळी लिहायला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं कोणाच्या रोस्टरमध्ये नसतात. पाळी सुटल्यावर घरी न्यायची बस निघून जाते ना.


वॉर्ड_नं_७ | मंगळवार, दुपारी ४:२०

बस निघून जाते!! अगदी. हँडओव्हरची वीस मिनिटं आम्ही आमच्या खिशातून देतो.


मॉड्यूल_नऊ | मंगळवार, रात्री ९:००

लॉकवायर सर, एक विचारू? एवढं असून सोडलं का नाही?


लॉकवायर | बुधवार, पहाटे ४:०५

मॉड्यूल_नऊ, एक तर दुसरं काही येत नाही. दुसरं, पहाटे पावणेसहाला तू रात्रभर झगडलेला स्नॅग निघतो, विमान पुशबॅक होतं, हेडसेट काढून तू अंगठा दाखवतोस आणि वरून कॅप्टन हात हलवतो. त्या दहा सेकंदांसाठी. हसू नको, नोकरी लागली की कळेल. आणि लागेल.

आता आहे ती जागा बरी आहे. इथे मागच्या महिन्यात मी पुन्हा एकदा फोन केला. ट्रेनमधून नाही, पार्किंगमधूनच. तेलाच्या झाकणाबद्दल. झाकण लागलेलं होतं. इन्चार्ज फक्त म्हणाला, "बघितलं, ठीक आहे, जा घरी." लेखी मागितलं नाही. मी घरी जाऊन सहा तास झोपलो.

आणि वॉर्ड_नं_७, तुमचं ते दोघींनी मोठ्याने मोजणं परवापासून चोरलंय. लॅच लावताना पाठीवर झोपूनच ओरडतो: "डावं! एक, दोन, तीन!" पहिल्या दिवशी हेल्पर वाकून बघायला लागला, सर कोणाशी बोलतायत. काल त्याला म्हटलं, मी ओरडलो की तू पण ओरड. आता तो पलीकडून टॉर्च मारत "तीन देखा सर!" करतो, आणि शेजारच्या बे-वरचे लोडर आमच्याकडे बघून हसतात.

बोलावलंय. ४१ येऊ घातलाय. जातो.